उतारावर क्रूझ आणि एक्झॉस्ट ब्रेक

सपाट हायवेवर क्रूझ (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) खुशाल लावा, एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा ब्रेक) बटणही चालू असू द्या. बऱ्याच डिझेल मोटरहोममध्ये (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांत) वेग ठरवलेल्या आकड्याच्या थोडा वर गेला की हा ब्रेक आपोआप लागतो. पण कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्के उतार आहे. कळकळीने सांगतो, तिथे बोगद्यातच क्रूझ काढा, वेग कमी करा, खालचा गिअर घ्या. इंजिनाचे फेरे चढे असतील तरच एक्झॉस्ट ब्रेक नीट धरतो. आवाज वाढला म्हणून घाबरू नका. पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. पाऊस-बर्फ असेल तर क्रूझ आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही बंद! एक्झॉस्ट ब्रेकचा जोर फक्त मागच्या चाकांवर येतो, निसरड्यावर गाडी आडवी जाऊ शकते.