पलीकडचा फुटपाथ

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

रविवारी भायखळ्याला उपासना सुटल्यावर जिन्यात गाठून तू जे सांगितलंस, ते माझ्यापाशीच राहील. तरुण संघाच्या सहलीची वर्गणी तू खर्चून टाकलीस. दोन रात्री रडलास, गुडघे टेकलेस, आणि आता विचारतोस, "प्रभूने क्षमा केली, तर ओझं का उतरत नाही?"

क्षमेबद्दल शंका धरू नकोस. पण रडून पश्चात्ताप पुरा होत नाही रे. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणं. संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द 'शूब' तर आणखी साधा: मागे फिरणं. त्याला पाय उचलावे लागतात.

तुझ्या वयाचा असताना मी दादरला एका कापडाच्या दुकानात होतो. बिलं फाडता फाडता पाच-दहा रुपये खिशात टाकायचो. नोकरी सोडली, देवापुढे डोळेही पुसले, तरी तिथून जाताना पलीकडचा फुटपाथ धरायचो. पावसाळ्यात छत्री आडवी करून. दीड वर्षं! शेवटी एकदा रस्ता ओलांडला आणि पाकीट गल्ल्यावर ठेवलं. तोंडातून शब्द फुटेना. शेटजींनी अंगठ्याला थुंकी लावून एकेक नोट मोजली. "मला तेव्हाच कळलं होतं," एवढंच म्हणाले. बसायलाही सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी मी दुकानाच्या बाजूनेच स्टेशनवर चालत गेलो.

लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट पुन्हा वाच, लूक १९. प्रभूने त्याला पैशांबद्दल एक शब्द विचारला नव्हता. आज तुझ्या घरी उतरायचंय, एवढंच म्हटलं होतं. कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं. चौपट हा चोरलेलं मेंढरू कापणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा दंड. तो जक्कयाने आपणहून स्वतःला लावून घेतला. आधी प्रभू घरी आला, मग हिशेब निघाला. हा क्रम उलटा करू नकोस. पैसे भरून क्षमा विकत मिळत नाही.

प्रभूला धरून देण्यासाठी घेतलेली चांदीची ३० नाणी यहूदानेही परत केली होती. "मी पाप केलं," असंही म्हणाला, पण याजकांपुढे. "त्याचं आम्हाला काय?" असं उत्तर मिळालं. प्रभूकडे तो फिरलाच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. प्रभूला धरून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या विस्तवापाशी शेकत त्याला तीनदा नाकारलं. पुढे पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर प्रभू दिसताच त्याने होडीतून पाण्यात उडी टाकली. तिथेही कोळशाचाच विस्तव पेटलेला होता आणि प्रश्नही तीनदाच आला, "माझ्यावर प्रेम करतोस काय?" दुखऱ्या जागेवरच हात ठेवला प्रभूने.

आता खजिनदारताईंकडे जा. सगळी रक्कम जमली नसेल तर आहे तेवढी ने आणि उरलेली कधी देणार ती तारीख सांग. "नड होती म्हणून घेतले" असं म्हणू नकोस, "चोरले" म्हण. त्या चिडतील, ऐकून घे. सहलीला नेणार नाहीत कदाचित.

मी खाली गेटपाशी थांबेन, कितीही वेळ लागू दे. वर मात्र तू एकट्यानेच जायचंस.

तुझा,
काका