वाचकांचे प्रश्न: जुन्या इंजिनातले व्हॉल्व्ह गाइड

प्रश्न : १९७८ची बुलेट ३५० आहे. चोर्ला घाटातून केरीकडे उतरून सपाटीला लागलो आणि पुन्हा अॅक्सिलरेटर पिळला, की मागे निळ्या धुराचा लोट उठतो. चढाला धूर दिसत नाही. मिस्त्री म्हणतात, बोअर करून पिस्टन-रिंगा घाला. करू का? (डिचोली)

थोडे थांबा. उतारावर थ्रॉटल बंद असताना इंजिन फिरतच असते, त्यामुळे इनलेट पोर्टमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोल आत येण्याच्या वाटेत, जोराची ओढ तयार होते. गाइड म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात वरखाली सरकतो ती नळी. इनलेट गाइड सैल असेल तर वरच्या रॉकरकडचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हाताकडचे) तेल दांड्याच्या कडेने खाली ओढले जाते, साचते आणि थ्रॉटल उघडल्यावर एकदम जळते. रिंगा गेलेल्या गाडीला चढावर, भार असतानाही धूर येतो. तुमचे लक्षण गाइडकडे बोट दाखवते.

एक अपवाद लक्षात ठेवा. गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर फक्त पहिली काही मिनिटे धूर येत असेल, तर इंजिनाच्या तेलटाकीतले तेल क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाशी) उतरलेले असते. जुन्या बुलेटचा तो स्वभावच आहे; त्यासाठी हेड (सिलिंडरवरचे, व्हॉल्व्ह असलेले झाकण) खोलू नका.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर रिंगा, जवळपास तसाच राहिला तर रिंगा ठीक आहेत. हेड उतरल्यावर इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर जाड, ओलसर काजळी दिसली की शंका उरत नाही.

प्रश्न : गाइड बदलायचे ठरले आहे. गॅरेजमध्ये थंड हेडमधूनच हातोड्याने ठोकून काढतात आणि नवे तसेच ठोकून बसवतात. ही पद्धत बरोबर का? नसेल तर पूर्ण रीत सांगा. (फोंडा)

बरोबर नाही. हेड अॅल्युमिनियमचे, गाइड बिडाचे. थंड हेडमधून ठोकले की बीड मऊ अॅल्युमिनियम ओरबाडत जाते, भोकात उभे चरे पडतात आणि भोक लंबगोल होते. त्यात नेहमीच्या मापाचे गाइड कधीच नीट धरत नाही. मग सेंटर पंचाने गाइडच्या अंगावर टिंबे पाडून ते बसवण्याचा जुगाड होतो. टिंबांची टोके पहिल्या काही तापण्यांतच दबतात, आणि गाइड उष्णता हेडला देत नाही ते वेगळेच.

आधी मोजमाप. व्हॉल्व्ह त्याच्या सीटपासून (बंद असताना तो टेकतो त्या कडेपासून) सुमारे १० मिमी उचला, त्याच्या कडेला डायल गेज (काट्याचे बारीक मापाचे यंत्र) लावा आणि दोन्ही दिशांना हलवून पाहा. गेजवरचा आकडा खऱ्या फटीच्या साधारण दुप्पट येतो. बिडाच्या गाइडला इनलेटकडे ०.०३ ते ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टकडे ०.०५ ते ०.०८ मिमी फट चालते, ०.१ च्या पुढे गेली की बदलायचे. दांडा मायक्रोमीटरने वर, मध्ये, खाली मोजा. झिजलेला दांडा नव्या गाइडमध्ये घालणे म्हणजे अर्धाच खर्च वाचवून पूर्ण काम वाया घालवणे.

काढण्यापूर्वी गाइड स्प्रिंगच्या बैठकीपासून किती वर आहे ते लिहून ठेवा. दहन कक्षाकडच्या टोकावरची काजळी पूर्ण खरवडा, नाहीतर तीच भोकातून ओरखडत जाईल. गाइडला कॉलर किंवा सर्क्लिप असेल तर ते रॉकरच्या बाजूलाच निघते. उलट दिशेने ठोकलेत तर हेड फुटेल.

आता उष्णता. हेड धुऊन, तेलाचा थेंबही न ठेवता, ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) १५० अंशांवर तासभर ठेवा. पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीचा मोह टाळा. तिचे तापमान हातात राहत नाही, आणि दोनशेच्या बरेच वर गेले तर हेडचा धातू मऊ पडतो. चकचकीत अॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन खरे तापमान दाखवत नाही, कमी दाखवते. ओव्हनचा साधा थर्मामीटर वापरा. गॅस टॉर्चने एकाच जागी तापवले तर हेड वाकते.

ठोकायला पायरीचा ड्रिफ्ट (सळई) लेथवर करून घ्या: पुढचा भाग गाइडच्या भोकात सैल जाणारा, मागचा गाइडच्या बाहेरच्या व्यासापेक्षा अर्धा मिमी बारीक. हेड लाकडी ठोकळ्यांवर, गाइडच्या रेषेत सपाट टेकवा. तापलेल्या हेडमधून गाइड दोन-चार ठोक्यांत सरकते. नाही सरकले तर जोर वाढवू नका, हेड पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा.

रिकामे भोक थंड झाल्यावर मोजा आणि मगच गाइडचा बाहेरचा व्यास ठरवा. बाजारातले तयार गाइड भोकात जाते म्हणून घालणे ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. अॅल्युमिनियम हेडसाठी गाइड भोकापेक्षा ०.०४ ते ०.०५ मिमी जाड हवे. का, तर हिशेब असा. बसवताना हेड पुन्हा १५० अंशांवर तापवायचे, म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे १२० अंश वर. १४ मिमीचे भोक १२० अंशांनी तापले की सुमारे ०.०३९ मिमी मोठे होते. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेले बिडाचे गाइड आणखी ०.००७ मिमी आकसते. दोन्ही मिळून ०.०४६. म्हणूनच बसवताना गाइड जवळजवळ सहज आत जाते. पण हाच हिशेब चालत्या इंजिनातही लागतो: हेड आणि गाइड १५० अंशांनी तापले तर अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगून पकड सुमारे ०.०२५ मिमीने ढिली होते. सुरुवातीचा फरक फक्त ०.०२ ठेवला असेल तर गाइड गरम इंजिनात मोकळे होणारच. भोक आधीच खराब असेल तर ते रीम करून (रीमर या हत्याराने नेमक्या मापात मोठे करून) वाढीव मापाचे गाइड बनवून घ्या. लेथवाल्याला बाहेरचा व्यास मँड्रेलवर (गाइडच्या भोकात घट्ट बसणाऱ्या सळईवर), आतल्या भोकाच्या मध्याशी जुळवून कातायला सांगा.

बसवल्यावर गाइड दाबले जाऊन आतले भोक एक-दोन शतांश मिमीने आवळते. हाताच्या रीमरने फटीचे माप पूर्ण करा. रीमर आत जाताना आणि बाहेर येतानाही उजवीकडेच फिरवा. उलटा फिरवला की धार जाते आणि भोकात रेघा पडतात.

इथे बहुतेक जण काम संपले समजून ग्राइंडिंग पेस्ट घेऊन बसतात. नव्या गाइडची रेषा जुन्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून सीट नव्या गाइडच्या आधाराने पुन्हा कापावीच लागते: ४५ अंशांचा मुख्य काप, रुंदी नेमकी करायला वरून ३० आणि आतून ६० अंश. इनलेटला सीटची रुंदी १ ते १.५ मिमी, एक्झॉस्टला थोडी जास्त, कारण त्या व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच बाहेर जाते. पेस्ट फक्त शेवटचा हात फिरवायला. मार्किंग ब्लू लावून अखंड वर्तुळ उठते का पाहा, मग पोर्टमध्ये रॉकेल भरून दहा मिनिटे ठेवा. झिरपता कामा नये. गोव्यात सीट कटर असलेला वर्कशॉप मिळाला नाही तर हेड बेळगाव किंवा कोल्हापूरला पाठवा, पण हा टप्पा गाळू नका.

सीट कापल्यावर व्हॉल्व्ह थोडा आत बसतो आणि स्प्रिंग तेवढी सैल होते. तो फरक स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालून भरा. बुलेटचे टॅपेट (व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली फट) थंड इंजिनावर लावायचे: पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी सळई) बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा आवळा आणि टॅपेट पुन्हा तपासा. नवी सीट बसताना ते घट्ट होतात.

प्रश्न : ब्राँझचे गाइड आणि कारचे ऑइल सील घालून धुराचा कायमचा बंदोबस्त होईल का? (म्हापसा)

रोजच्या वापराला बीडच घाला. त्यातल्या ग्रॅफाइटमुळे तेल कमी असतानाही ते दांड्याला सांभाळून घेते. ब्राँझ उष्णता लवकर काढते हे खरे, पण त्याचा प्रकार आणि फट दोन्ही नेमके हवेत. अंदाजाने केलेले ब्राँझ गाइड गरम इंजिनात दांडा धरून ठेवते. सील इनलेटला हवे तर घाला, मात्र व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची वरची वाटी सीलला टेकत नाही ना, हे आधी मोजा. एक्झॉस्टला नको. तिथे पोर्टमध्ये ओढ नसते, आणि मिळणारे थोडे तेलही अडवले तर गाइड लवकर झिजते.

प्रश्न : बीएसए एम-२० या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलला हीच रीत लागू पडते का? (मडगाव)

नाही. ते साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, गाइड हेडमध्ये नसून बिडाच्या सिलिंडर ब्लॉकमध्ये असतात. दोन्ही बीडच, सारखेच फुगतात, त्यामुळे तापवून पकड सुटत नाही. स्टड, नट आणि नळीचा पुलर करून ओढून काढा. बसवताना गाइड फ्रीझरमध्ये थंड करा आणि जाडीचा फरक ०.०२५ मिमीच्या आसपास ठेवा. अॅल्युमिनियमचा आकडा इथे लावलात तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

प्रश्न : गाइड नवे, पण पावसाळाभर गाडी उभी होती आणि चतुर्थीला किक मारली तर व्हॉल्व्ह अडकलेला. गाइडचे माप चुकले का? (काणकोण)

कदाचित नाही. एक व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर समुद्राकडची दमट हवा पोर्टमधून थेट दांड्यापर्यंत जाते आणि तिथे गंज धरतो. इनलेटला जुन्या पेट्रोलचा चिकट थरही जमतो. किक मारत राहू नका, पुशरॉड वाकेल. रॉकर कव्हर काढून दांड्यावर डिझेल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग हळूहळू हलवा. पुढच्या जूनमध्ये कार्ब्युरेटर रिकामा करा, दांड्यांवर वरून तेलाचे थेंब सोडा आणि दोन्ही पुशरॉड मोकळे फिरतील अशा जागी, म्हणजे कॉम्प्रेशनच्या टोकाला, इंजिन थांबवून ठेवा.

प्रश्न : येझदी २५० धूर फार सोडते. गाइडचे माप कळवावे. (पेडणे)

येझदी २५० टू-स्ट्रोक आहे. तिच्यात असे व्हॉल्व्ह नाहीत आणि गाइडही नाहीत. पेट्रोलमधल्या तेलाचे प्रमाण बरोबर असूनही धूर येत असेल आणि गिअरबॉक्समधले तेल आपोआप कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील बदला.