भाऊ आजारी होता, मग रात्रभर लॉकअपमध्ये का?

प्रश्न : माझ्या 28 वर्षांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. मध्यंतरी त्याने गोळ्या बंद केल्या. गेल्या आठवड्यात रात्री तो अंगणात ओरडत होता, म्हणून शेजाऱ्यांनी 112 ला फोन केला. आजाराबद्दल आम्ही पोलिसांना सांगत होतो, तरी त्यांनी त्याला दंडाला धरून ओढलं. तो घाबरला, झटापट झाली. मग काठीने मारलं, हात दोरीने बांधून नेलं, रात्रभर लॉकअपमध्ये ठेवलं आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल केला. आता तो जामिनावर घरी आहे. साहेब म्हणतात, ‘असे पेशंट हाताळायला आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.’ मी काय करू? पुन्हा असं झालं तर पोलिसांना बोलवायचं की नाही?

उत्तर : ताई, मनगटावर दोरीचे वळ अजून दिसत असतील तर आजच त्याला सरकारी दवाखान्यात न्या आणि जखमांची नोंद करून घ्या. वळ आठ-दहा दिवसांत जातात, कागद राहतो. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मधलं कलम 100 तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला पोलिसांनी ‘संरक्षणात’ घ्यायचं असतं. का घेतलं ते त्याला सांगायचं, शक्य तितक्या लवकर आणि फार तर 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं. लॉकअप किंवा तुरुंग कोणत्याही परिस्थितीत नाही. कायद्याने इथे एकही अपवाद ठेवलेला नाही.

पोलीस म्हणतील, आम्ही त्याला संरक्षणात घेतलंच नव्हतं, गुन्ह्यात अटक केली. तुमची खरी लढाई इथेच आहे. फोन कशासाठी आला होता, आजाराचं तुम्ही कधी सांगितलंत, गुन्हा किती वाजता नोंदवला, या वेळा स्टेशन डायरीतून आणि 112 च्या नोंदीतून बाहेर काढायला वकिलाला सांगा. आजारी माणूस म्हणून बोलावणं आलं आणि गुन्हा मागाहून लागला, हे दिसलं तर तुमची बाजू भक्कम होते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 खालचा हा गुन्हा अजामीनपात्र आहे, जामीन झाला ते बरं झालं. बचावासाठी त्याच संहितेचं कलम 22 आहे. पण नुसतं ‘त्याला स्किझोफ्रेनिया आहे’ म्हणून भागत नाही. आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे त्या वेळी त्याला कळत नव्हतं, हे डॉक्टरांच्या कागदांवरून दाखवावं लागतं. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची बिलं, सगळं एका फाईलला लावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत वकिलाचा हक्क तुमच्या भावाला मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम 27 ने दिला आहे.

मारहाणीची तक्रार पोलीस अधीक्षकांकडे आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे करा. आयोगासाठी एका वर्षाची मुदत आहे, पण थांबू नका.

‘शिकवलेलं नाही’ हे वाक्य मला फार बोचलं. पोलिसांना या विषयाचं वेळोवेळी प्रशिक्षण देणं मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम 30 ने सरकारवर बंधनकारक केलं आहे. ते दिलं नसेल तर दोष सरकारचा, त्याची शिक्षा तुमच्या भावाने का भोगायची? तक्रारीत हे वाक्य जसंच्या तसं लिहा आणि त्या ठाण्यात प्रशिक्षण घेण्याची मागणी करा. आमच्याकडच्या एका प्रकरणात एक हवालदार काठी गाडीत ठेवून पायरीवर बसले, मुलाला नावाने हाक मारली आणि पाणी दिलं. पाऊण तासाने तो मुलगा आपल्या पायांनी गाडीत बसला. हे शिकवता येतं.

पुढच्या वेळी? धोका नसेल तर आधी 14416 ला, म्हणजे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. जिवाला धोका असेल तर 112 ला जरूर करा, पण पहिल्याच वाक्यात सांगा : ‘माझा भाऊ मानसिक आजारी आहे, हातात काही नाही, ओरडलं की घाबरतो, त्याला दवाखान्यात न्यायचंय.’ आणि तो बरा असतानाच साध्या कागदावर सहीनिशी तुम्हाला त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला साथ देणारी व्यक्ती, नेमू द्या. त्याची एक प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि तुमचा फोन नंबर ठाण्यात देऊन ठेवा.