वजनाच्या ऑपरेशननंतरच्या व्हिटॅमिनचा क्लेम नाकारला, तर?

प्रश्न : माझं वय 43. वजन 118 किलो, उंची 160 सेंटिमीटर, झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने गॅस्ट्रिक बायपास करून घेतली. ऑपरेशनचा खर्च विमा कंपनीने कॅशलेसमध्ये दिला. पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांचाही खर्च मिळतो, म्हणून 18,640 रुपयांची बिलं पाठवली. हातात आले 3,210. मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, बी-12ची इंजेक्शनं (मिळून 8,530 रुपये) आणि प्रोटीन पावडर (6,900 रुपये) ‘देय नाही’ असा शेरा मारून कापली. डॉक्टर म्हणतात, गोळ्या जन्मभर घ्यायच्या. कंपनीने हे पैसे द्यायला नकोत का? डॉक्टर मागच्या तारखेची चिठ्ठी द्यायला तयार आहेत. ती जोडू का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ती चिठ्ठी घेऊ नका. डॉक्टरांचा हेतू मदतीचाच असेल, पण मागची तारीख घातलेला एक कागद कंपनीच्या हाती लागला की भांडण साडेआठ हजारांचं राहत नाही. पॉलिसीतल्या फसवणुकीच्या कलमाप्रमाणे सगळे लाभ आणि भरलेला हप्ताही जाऊ शकतो. आणि मुळात त्या चिठ्ठीची तुम्हाला गरजच नाही.

पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘कोड एक्स्ल14’ (Excl14) शोधा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या नियामक संस्थेने 2019 मध्ये आरोग्य विम्यातल्या अपवादांची, म्हणजे न मिळणाऱ्या खर्चांची, भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली, त्यातला हा अपवाद आहे. त्याचा आशय असा : चिठ्ठीशिवाय विकत मिळणारी व्हिटॅमिन, खनिजं यांसारखी पूरक द्रव्यं देय नाहीत, मात्र रुग्णालयात दाखल होण्याच्या किंवा डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडतात त्या) उपचाराच्या क्लेमचा भाग म्हणून डॉक्टरांनी ती लिहून दिली असतील, तर हा अपवाद लागू नाही. टीपीएने, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, पहिलं अर्ध वाचलं आणि पेन फिरवलं. तुमची बाजू दुसऱ्या अर्धात आहे.

कंपनी म्हणेल, ‘क्लेमचा भाग’ म्हणजे तुम्ही खाटेवर होता तेवढेच दिवस. हे मला पटत नाही. डिस्चार्जनंतरचा खर्च पॉलिसीत मिळतो तोच मुळी दोन अटींवर : ज्या कारणासाठी दाखल झालात त्याच कारणासाठी तो झालेला हवा आणि मूळ क्लेम मंजूर व्हायला हवा. म्हणजे तो त्याच क्लेमचं शेपूट आहे, वेगळा क्लेम नव्हे. शिवाय कलमाचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने कलम लिहिलं त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये चंदुमल जैन खटल्यात विम्याच्या कराराबाबत सांगितलेलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

आता पुराव्याचं. तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या फोटोत, अगदी तळाशी, शिक्क्याखाली अर्धी झाकलेली ओळ आहे : ‘मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम सिट्रेट चालू ठेवणे’. या दोन गोष्टींसाठी ती पुरेशी आहे. लोह आणि बी-12 मात्र तिथे नाहीत. ती आहारतज्ज्ञांनी दिलेल्या छापील तक्त्यात आहेत आणि त्यावर ना डॉक्टरांची सही, ना नोंदणी क्रमांक. हाच तुमचा कच्चा दुवा.

तो असा भरून काढा. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून तुमच्या केसपेपरची प्रत मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002च्या नियमांप्रमाणे ती 72 तासांत द्यावी लागते. मग सर्जनकडून आजच्या तारखेचं प्रमाणपत्र घ्या, खाली त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. केसपेपरमध्ये त्या वेळी काय नोंदवलं आहे, ते त्यांनी त्यात सांगावं आणि गोळ्यांचं कारणही लिहावं. बायपासनंतर अन्न लहान आतड्याचा पहिला भाग वगळून पुढे जातं, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. बी-12 शोषलं जाण्यासाठी जठरातून पाझरणारा घटक लागतो, तोही आता अन्नात नीट मिसळत नाही. म्हणजे ही कमतरता ऑपरेशननेच ओढवणारी आहे, तुम्ही हौसेने टॉनिक घेत नाही आहात. तीन-चार ओळींत एवढं आलं की ‘त्याच कारणासाठी’ ही अट पुरी होते.

डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलेलं असतं. ते दाखवून कोणी तुम्हाला गप्प करायला बघेल. ही सूचना अन्नसुरक्षा नियमांमुळे प्रत्येक हेल्थ सप्लिमेंटवर छापावीच लागते. एक्स्ल14 हे कलम अशाच पूरक द्रव्यांविषयी बोलतं आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यास सूट देतं, त्यामुळे त्या छापील ओळीने काही बिघडत नाही. बी-12चं इंजेक्शन तर औषधच आहे, ते पूरक आहाराच्या खात्यात टाकणंच चूक. त्याची बिलं वेगळी काढून स्वतंत्र मुद्दा करा.

प्रोटीन पावडरबद्दल खोटी आशा लावणार नाही. सर्जनने स्वतः प्रमाणासह लिहून दिली असेल तरच मागा, आणि तरीही मिळेलच असं समजू नका. आणखी एक : 54व्या दिवशी तुम्ही 90 गोळ्यांचा डबा घेतला आहे. खर्च मुदतीत झाला हे खरं, पण बहुतेक गोळ्या मुदतीनंतरच्या. हे आपणहून सांगा आणि मुदतीतल्या दिवसांपुरती रक्कम मागा. प्रामाणिक हिशेबाचं वजन पडतं.

अर्ज कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. आयआरडीएआयच्या मे 2024च्या परिपत्रकानुसार, क्लेम अंशतः नाकारला तरी पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली, ते कंपनीने सांगायचं असतं. ‘देय नाही’ हा शेरा म्हणजे कारण नव्हे. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तुमच्या पत्त्याप्रमाणे मुंबई, ठाणे की पुणे, ते बघून घ्या. तिथे शुल्क नाही, वकील चालत नाही आणि लागतही नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, त्याची मुदत दोन वर्षं. पण तिथे प्रकरण चालू असताना लोकपालाकडे जाता येत नाही. एवढ्या रकमेसाठी मी लोकपालच निवडेन.

जन्मभराच्या गोळ्यांचे पैसे मात्र ही पॉलिसी देणार नाही. 60 दिवसांनंतरचा खर्च तुमचा, पॉलिसीत ओपीडीचं संरक्षण असेल तर गोष्ट वेगळी. पण उद्या रक्तातलं लोह फार उतरलं आणि शिरेतून द्यायला दाखल व्हावं लागलं, तर तो नवा क्लेम होईल. त्यासाठी प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट आणि प्रत्येक चिठ्ठी आतापासूनच एका फाइलमध्ये ठेवा. बिलावर गोळीचं नाव चिठ्ठीत आहे तसंच लिहून घ्या. दुकानदार नुसतं ‘सप्लिमेंट’ लिहून देतात.

आणि या सगळ्यात हिशेब जुळवायला म्हणून एकही गोळी बंद करू नका. अर्ज, उत्तर, सुनावणी यात काही महिने जातील. शरीर तेवढं थांबत नाही.