आधी टीव्ही तपासा, मग मुलीचा ताल

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: प्लेस्टेशन ३ ची जुनी बिनतारी, पाच रंगीत बटणांची खेळातली गिटार डोंगलसकट (तिचा सिग्नल पकडणारा, यूएसबीत लावायचा तुकडा) मिळाली, लॅपटॉपवर 'क्लोन हीरो' हा पडद्यावर सरकत येणाऱ्या रंगीत नोट्स गाण्याच्या तालात वाजवायचा खेळ टाकला, चित्र मोठ्या टीव्हीवर, आवाज ब्लूटूथ स्पीकरवर. अकरा वर्षांची मुलगी सोप्या पातळीवरसुद्धा निम्म्या नोट्स चुकवते. तिचा ताल कच्चा आहे का, आणि खऱ्या गिटारच्या क्लासला घालण्याआधी याचा काही उपयोग होईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे, ब्लूटूथ स्पीकर! तो आजच्या आज बाजूला ठेवा. बिनतारी स्पीकरवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. सिनेमा बघताना ते जाणवत नाही, कारण प्लेअर चित्र थोडं थोपवून जुळवून घेतो. इथे तसं करता येत नाही, कारण मुलीची बोटं आत्ता पडणार असतात. आता हिशेब करा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि चौगुनीतली (एका मात्रेत चार) एक नोट १२५ मिलिसेकंदांची. म्हणजे ती ऐकून अगदी बरोबर वाजवत असली, तरी खेळाच्या लेखी एक अख्खी नोट मागे असते. बिचारीला बोलणी उगाच बसली.

त्यात टीव्हीही आपली भर घालतो. चित्र गुळगुळीत करणारी जी काही प्रक्रिया आतमध्ये चालते, तिला वेळ लागतो. टीव्हीच्या मेनूत 'गेम मोड' असेल, तो चालू करा. २००५ मध्ये याच जातीचा पहिला 'गिटार हीरो' प्लेस्टेशन २ वर आला तेव्हा बहुतेकांच्या घरी काचेच्या नळीचे जाडजूड टीव्ही होते आणि त्यांत हा उशीर जवळपास नव्हताच. सपाट टीव्ही आले आणि हे दुखणं सुरू झालं. इतकं, की २००८ च्या 'रॉक बँड २' च्या गिटारमध्ये प्रकाश टिपणारा सेन्सर आणि छोटा माइक बसवलेला होता. गिटार पडद्यासमोर धरायची, उशीर ती स्वतः मोजायची. आपल्याला ते हाताने करावं लागतं.

कॅलिब्रेशन, म्हणजे हा उशीर मोजून त्याचा आकडा खेळाला सांगणं, करताना लोक एक चूक हमखास करतात: चित्र आणि आवाज एकदम जुळवायला जातात. तसं करू नका. आधी आवाज बंद करून फक्त डोळ्यांनी चित्राचा आकडा ठरवा. मग डोळे मिटून फक्त कानाने आवाजाचा. प्रत्येक चाचणी तीन-चार वेळा करून मधला आकडा घ्या. स्पीकर किंवा टीव्ही बदलला की सगळं पुन्हा.

एवढं करूनही ठरावीक रंगाच्याच नोट्स चुकत असतील तर मात्र गिटारकडे बघा. मान सुटी होणाऱ्या गिटारमध्ये जोडाच्या जागी धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांवर काजळी धरते. माझ्या गिटारचं केशरी बटण असंच अधूनमधून मरायचं आणि मी महिनाभर करंगळीला दोष देत बसलो होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, झालं. आणि तो डोंगल जिवापाड जपा. एका मॉडेलचा दुसऱ्याला सहसा चालत नाही, आणि नुसती गिटार बाजारात सापडते, नुसता डोंगल सहजी सापडत नाही.

आता तिच्यासाठी दोन-तीन गोष्टी. नोट्सचा वेग वाढवा. ऐकायला उलटं वाटेल, पण वेग वाढला की नोट्स एकमेकींपासून लांब दिसतात आणि वाचायला सोप्या जातात. गाण्याची लय तीच राहते. दुसरं, एकटी नोट वाजवताना तिच्या आधीची, हिरव्याच्या बाजूची बटणं दाबलेली राहिली तरी चालतं; हिरव्यावरचं बोट दर वेळी उचलायची गरज नाही. कॉर्डला, म्हणजे एकदम दाबायच्या दोन-तीन नोट्सना, ही सूट नाही. मूळ खेळांत सोप्या पातळीला तीन रंग, मध्यमला चार, कठीणला पाच. चारवरून पाचवर जाताना सगळ्यांचीच गाडी अडते, कारण बोटं चारच आणि हात सरकवायला लागतो. तिथे घाई नको. आणि पडद्याकडे टक लावून 'नोट रेषेवर आली की मार' असं ती खेळत असेल तर ती कायम मागेच राहणार. लहानपणी तबल्याच्या क्लासला आम्हाला आधी नुसता हाताने ताल धरायला लावायचे, तसं तिला गाणं दोनदा नुसतं ऐकू द्या, मांडीवर ठेका धरू द्या, मग गिटार हातात.

क्लासचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो: गिटार यातून येत नाही. पाच बटणांना ना तार, ना सूर, ना बोटांना घट्टे. २०१० च्या 'रॉक बँड ३' साठी १०२ बटणांची गिटार निघाली होती, सहा तारा गुणिले मानेवरचे सतरा पडदे (फ्रेट). पुढच्याच वर्षी 'रॉकस्मिथ' आला, त्यात थेट खरी इलेक्ट्रिक गिटार केबलने जोडतात. तिला गिटारच शिकायची असेल तर ती वाट बरी. पण दोन हातांनी दोन वेगळी कामं एकाच लयीत करणं आणि चुकल्यावर न थांबता पुढची सम पकडणं, या दोन सवयी इथून नक्की लागतात. खेळातल्या ड्रम्सचा संच मिळाला तर आणखी उत्तम, कारण वरच्या पातळीवर हातपाय जे करतात ते खऱ्या ड्रम्सच्या फार जवळचं असतं. शेजाऱ्यांचं तुम्ही बघा.

दुसरी गिटार स्वस्तात मिळाली तर घेऊन टाका आणि स्वतः बास वाजवायला बसा. कॅलिब्रेशन नीट झालेलं असेल, तेव्हा निम्म्या नोट्स कोणाच्या चुकतात ते मुलगीच मोजून सांगेल.