चौकशी अहवाल आणि बडतर्फी एकाच पाकिटात

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पूर्व विदर्भात वनरक्षक होतो. माझ्या बीटमध्ये, म्हणजे मला राखायला दिलेल्या जंगलाच्या भागात, सागाची ताजी थुटं सापडली. दोषारोपपत्रात तीन आरोप ठेवले : बीटकडे दुर्लक्ष, त्या रात्री मुख्यालयी गैरहजेरी आणि साहेबांशी उद्धट वागणं. त्या रात्री मी शेजारच्या बीटमध्ये वणवा विझवत होतो, मोहफुलाचे दिवस होते. आगीची नोंदवही लेखी अर्ज करून मागितली, शेवटपर्यंत दाखवली नाही. पंचनामा करणारे साहेब चौकशीत साक्षीला आलेच नाहीत. आता चौकशी अहवाल आणि बडतर्फीचा आदेश एकाच पाकिटात आला. आदेशात पूर्वीच्या ताकिदींचाही उल्लेख आहे, त्या दोषारोपपत्रात नव्हत्या. घरचे म्हणतात हायकोर्टात जा, भाऊजी म्हणतात आमदारांचं पत्र आणू. काय करू?
— एक वाचक

उत्तर : भाऊ, आदेश तुमच्या हाती कोणत्या तारखेला पडला, ते त्या पाकिटावरच लिहून ठेवा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 प्रमाणे अपिलाला 45 दिवस मिळतात आणि ते त्या तारखेपासून मोजायचे. आदेश उपवनसंरक्षकांचा असेल तर अपील मुख्य वनसंरक्षकांकडे. प्रत्यक्ष नेऊन द्याल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या, शिपाई "ठेवून जा" म्हणाला तरी ठेवून येऊ नका.

हायकोर्टात थेट जाता येणार नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या सेवेचा वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जातो. विदर्भासाठी त्याचं खंडपीठ नागपूरला आहे. मॅटच्या निकालानंतर हायकोर्ट, हा क्रम सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये एल. चंद्रकुमार प्रकरणात पक्का केला. आणि मॅटसुद्धा विचारतं, खात्याकडे अपील केलंत का? त्या अपिलावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर तिथून पुढच्या एका वर्षाच्या आत मॅटमध्ये अर्ज करता येतो. निर्णय विरोधात गेला, तर त्या निर्णयापासून एक वर्ष.

आमदारांच्या पत्राचा विचार मनातून काढून टाका. सेवेच्या बाबतीत बाहेरून राजकीय दबाव आणणं हीच वर्तणूक नियमांप्रमाणे गैरवर्तणूक आहे. कामावर परत आलात तर तेच पत्र पुढच्या दोषारोपपत्राला जोडलेलं दिसेल.

आता मूळ मुद्दा. अपिलात पानंच्या पानं "मी निर्दोष आहे, माझ्यावर अन्याय झाला" असं लिहिलेलं मी रोज वाचते, आणि जीव तुटतो, कारण कामाचा मुद्दा कुठेतरी शेवटच्या पानावर दबलेला असतो. न्यायाधिकरण तुमची चौकशी नव्याने करत बसत नाही. चौकशी नियमाने झाली का, निष्कर्षाला काही पुरावा होता का आणि शिक्षा आरोपाच्या मानाने भलतीच जबर आहे का, एवढंच ते बघतं. तुमची बाजू इथेच भक्कम आहे.

दोषारोपपत्राची जोडपत्रं काढा. जोडपत्र तीनमध्ये कागदांची यादी असते, चारमध्ये साक्षीदारांची. ही यादी चौकशीच्या रोजनाम्याशेजारी (चौकशीत त्या त्या दिवशी काय झालं त्याची नोंद) ठेवा आणि जो साक्षीदार तपासलाच नाही त्याच्या नावापुढे खूण करा. पंचनामा करणारा माणूस समोर येऊन उलटतपासाला उभा राहिला नाही, तर नुसता पंचनामा फाइलला लावल्याने तो सिद्ध होत नाही. रूपसिंग नेगी प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आगीच्या नोंदवहीचा आहे. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम. त्या काळात एक वनरक्षक शेजारच्या बीटमध्ये वणव्याशी झुंजत असेल आणि त्याच रात्रीची त्याची गैरहजेरी लावली जात असेल, तर ती नोंदवही म्हणजे तुमचा अख्खा बचाव आहे. बचावाचा कागद मागूनही न देणं म्हणजे बचावाची संधीच नाकारणं. तुमच्या त्या अर्जाची पोच शोधा. शिवाय माहितीच्या अधिकारात नोंदवहीची त्या तारखेची पानं, वायरलेसच्या नोंदी, रोजनामा आणि फाइलवरच्या टिपण्या मागा. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाका. कागद वेळेत आले नाहीत तरी अपील थांबवू नका, "कागद मागितले आहेत, आल्यावर जोडेन" असं त्यात लिहा.

एकाच पाकिटाबद्दल. अहवाल आधी देऊन तुमचं म्हणणं घ्यायलाच हवं होतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1993 मध्ये ईसीआयएल विरुद्ध करुणाकर प्रकरणात ठरवून दिलं आहे. पण केवळ या चुकीवर नोकरी परत मिळेल असं धरून चालू नका. अहवाल आधी न मिळाल्याने काय नुकसान झालं, ते न्यायालय विचारतं. म्हणून तेव्हा मिळाला असता तर कोणत्या परिच्छेदावर काय लिहिलं असतं, ते आज लिहून अपिलात घाला. ते पटलं तरी बहुधा प्रकरण त्याच टप्प्यावर परत जातं आणि तोवर तुम्हाला निलंबित ठेवून निर्वाहभत्ता देता येतो. साक्षीदाराचा आणि नोंदवहीचा मुद्दा यापेक्षा खोल जातो, म्हणून तो पहिल्या पानावर हवा.

जुन्या ताकिदींवर शिक्षा वाढवायची होती, तर तसं तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. हा स्वतंत्र मुद्दा करा.

एक शेवटचं सांगते. या काळात रोवणीला, मजुरीला जात असाल तर खुशाल जा, लेकरांना उपाशी ठेवू नका. मागचा पगार मागताना मात्र इतरत्र नोकरी नव्हती, असं प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं (दीपाली सुरवसे प्रकरण, 2013). तिथे मजुरी लपवू नका. कुठे, किती दिवस, किती रुपये, हे आजपासून वहीत मांडत चला.