आधी पत्रा बघ

प्रिय,

तुझ्या दोन्ही गाड्यांचे फोटो पाहिले. 1973 ची लाल एमजीबी, म्हणजे ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपर, इंजिन नुकतंच उघडून बांधलेलं, साडेपाच हजार पौंड. दुसरी 1977 ची, मातकट, रबरी बंपरची, धूर काढणारी, तीन हजारांची. विचारतेस, रिस्टोअर करणं परवडेल का? आणि मग पानभर इंजिनाबद्दल लिहितेस. अगं, पत्रा बघ!

एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट नाही. त्यात रोडस्टरला छप्परही नाही, म्हणजे गाडीचा कणा म्हणजे दाराखालचे दोन सिल. सिल हा एक पत्रा नसतो. बाहेरचा, आतला, दोघांच्या मधला उभा पडदा आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, असे सगळे मिळून ती पेटी होते. पुढच्या चाकामागे चिखल अडवणारा एक पत्रा आहे. त्याच्या कडेचं रबर सडलं की चिखल आत जाऊन साचतो, वर्षभर ओला राहतो आणि पेटी आतून कुजते. बाहेर फोड दिसेपर्यंत मधला पडदा गेलेला असतो. मग कोणीतरी जुन्यावरच नवा पत्रा चढवतं, पुट्टी भरतं, लाल रंग मारतं. वरून कीर्तन, आतून तमाशा. शिवाय तिथे ब्रिटनमध्ये 40 वर्षांपुढच्या गाडीला एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. त्यामुळे ही गाडी शेवटची कधी कुणी खालून पाहिली, याचा काही भरवसा नाही.

सिलचं काम क्रमानं केलं तरच टिकतं. आधी बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत दाराच्या चौकटीत लोखंडी नळी वेल्ड करायची. हे न करता सिल कापला तर गाडी मधे बसते आणि दार जन्मात नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू. खरा सिल पुढच्या-मागच्या विंगच्या, म्हणजे चाकांवरच्या बाहेरच्या पत्र्याच्या, आत शिरलेला असतो, म्हणून विंगचा खालचा भाग कापावाच लागतो. फक्त दिसतो तेवढा तुकडा बदलून देणाऱ्याला पैसे देऊ नकोस. आतला सिल, रेल, पडदा क्लॅम्पवर बसव, दार लाव, फट बघ, टाके मार, पुन्हा दार लाव. सलग वेल्ड ओढलास तर पत्रा तापून वाकडा होतो. शेवटी पोकळीत मेण फवार आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेव.

आता हिशोब. गॅरेजचे तासाला 60 पौंड धर, दोन्ही बाजूंना मिळून 80 तास. 4,800 झाले, वर 20 टक्के व्हॅट, म्हणजे 5,760. लाल गाडी 11,260 ला पडली आणि रंग अजून बाकीच आहे. या पैशात चांगली चालती रोडस्टर मिळते. नवा सांगाडाही मिळतो म्हणा. ब्रिटिश मोटर हेरिटेज 1988 पासून मूळ साच्यांवर तो बनवते. पण त्याची किंमत दहा हजारांच्या वर आणि गाडीचं उरलेलं सगळं तुलाच त्यावर चढवायचं.

उलट 1798 सीसीचं ते इंजिन साधंसरळ आहे, दोन-तीन हजारांत बांधून होतं. 1962 ते 1980 या काळात अशा 5 लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे बारीकसारीक भागही नवे मिळतात. पण याच कारणानं गाडीचा भाव फार चढत नाही. घातलेले पैसे परत येणार नाहीत. नफा हवा असेल तर एफडी कर, मला पत्र लिहू नकोस.

रबरी बंपरची गाडी उंच बसते, वळणावर झुकते, क्रोमवाले तिला नाकं मुरडतात. मुरडू देत. स्प्रिंग बदलून उंची उतरवता येते. मीही पत्र्याशिवाय दुसरं बोलत नाही म्हणून लोक वैतागतात, पण इंजिनाच्या खर्चानं अर्धवट सोडलेला प्रकल्प मला क्वचितच दिसतो. गॅरेजात ताडपत्रीखाली पडलेल्या बहुतेक गाड्या सिल कापल्यावर थांबलेल्या असतात.

शनिवारी जाशील तेव्हा लोहचुंबक, टॉर्च आणि जुने कपडे घेऊन जा. दाराच्या मागच्या कडेची फट वर-खाली सारखी आहे का बघ. वर चिंचोळी असेल तर गाडी मधे बसली आहे. चुंबक फडक्यात गुंडाळून सिलवर आणि दारामागच्या विंगच्या खालच्या भागात फिरव; सुटला तिथे पुट्टी. मग मालकाला विचारून जॅकच्या मूळ जागी जॅक लाव आणि चाक उचल. तेवढ्यात दार अडकायला लागलं, किंवा मालकच "जॅक नको" म्हणाला, तर नमस्कार करून निघ. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे. कॅसल रेलचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, खालून काढलेले. रंगाचे नकोत.

तुझा,
काका